भुरीचें औषध आणि दोन कड्यांची सांधणी

द्राक्षबागाईतदारांस भुरीची ओळख करून देण्याचें कारण नाहीं. निफाड-दिंडोरीकडे गोडी छाटणीनंतर थंडी पडली व मधून आभाळ आलें कीं मण्यांवर राख उधळल्यासारखी ती दिसूं लागते. तिजवर फवारण्याच्या औषधांपैकीं बोस्कालिड हें एक होय. तें कसें घडतें व कसें मारतें हें आम्हांस उशिरां कळलें, व त्याची किंमतहि मोजावी लागली.

या औषधाच्या रेणूंत सहा-सहा कर्बाणूंचीं दोन कडीं एकमेकांस थेट सांधलेलीं असतात. कर्बास कर्ब असा नेमक्या जागीं जोडणें हें रसायनशास्त्रांतील मोठें अवघड काम. एका कड्यावर क्लोरीन व दुसऱ्यावर बोरॉन बसवितात. परंतु तेवढ्यानें तीं जुळत नाहींत. तेथें पॅलेडियम हा मौल्यवान धातु लागतो. आमची हयात महसूल खात्यांत गेल्यामुळें आम्हांस त्याचें काम फेरफारासारखें वाटतें. पहिल्या कड्यावरील क्लोरीनचें नांव कमी करून तो आपलें नांव चढवितो. मग बोरॉनकडील कडें आपल्या खातीं घेतो. शेवटीं दोन्ही कडीं परस्परांच्या नांवें करून आपण मोकळा होतो व पुढच्या जोडीकडे वळतो. म्हणूनच थोडक्या धातूवर पुष्कळ माल निघतो. (इतकी निरिच्छ मध्यस्थी आम्हीं कचेरींत क्वचितच पाहिली.)

ही रीत अकिरा सुझुकी व नोरिओ मियाउरा यांनीं १९७९ सालीं जपानांत प्रसिद्ध केली. पॅलेडियमच्या अशा सांधणीबद्दल सुझुकी, ऐइची नेगिशी व रिचर्ड हेक यांस २०१० चें नोबेल पारितोषिक मिळालें. त्याच वर्षीं क्लोरमेक्वाट क्लोराइडचा अंश सांपडल्यामुळें आमच्याकडील द्राक्षें युरोपांत अडलीं होतीं, हें पुष्कळांस स्मरत असेल. व्यापारी नांवापलीकडे द्रव्याचें नांव विचारावें लागतें, हें तेव्हां प्रथम उमगलें.

आतां आमची चूक सांगतों. बोस्कालिड हें बुरशीच्या श्वसनांतील एकाच विकरास अडवून धरतें. त्या विकरांत किंचित् फरक पडला कीं बुरशी निसटते. अमेरिकेंतील कांहीं द्राक्षबागांत असें घडलेंहि आहे. एका हंगामांत आम्हीं दोन निराळ्या नांवांचे डबे आळीपाळीनें वापरले व औषध बदलीत आहों अशा समजुतींत राहिलों. भुरी हटेना. पुतण्यानें चष्मा मागून डब्यांवरील बारीक अक्षरें वाचलीं, तेव्हां एकांत बोस्कालिड व दुसऱ्यांत फ्लुओपायरम निघालें. नांवें दोन, कंपन्या दोन, पण अडविण्याचें विकर एकच. दोहोंचा गट सातवा. तोंवर पूर्वेकडील दोन ओळींचे घड गेले होते.

यंदा फवारणीच्या वहींत तारीख व मात्रा यांच्या शेजारीं ‘द्रव्य’ आणि ‘गट’ असे दोन रकाने आंखले आहेत. सातव्या गटाची एक फवारणी झाली कीं पुढची गंधकाची; गंधक बुरशीस एका ठिकाणीं नव्हे, अनेक ठिकाणीं गांठतें. दुकानदार नवा डबा पुढें करतो, तेव्हां आम्हीं प्रथम तो उलटा करून वाचतों.