खुटबावच्या पुढचं स्टेशन

पुण्याहून दौंडकडे जाणारी गाडी खुटबावला थांबते, दोन-चार माणसं उतरवते आणि पुन्हा उसाच्या फडांमधून निघते. गुऱ्हाळांचा हा पट्टा. पुढचं स्टेशन केडगाव. संकटात सापडलेल्या माणसाला मानसिक आधार कसा देतात, यावर लिहा, असं संपादकांनी सांगितलं होतं. त्यांच्या मनात बहुधा पुण्यातली एखादी हेल्पलाइन असावी. मी केडगावचं तिकीट काढलं, कारण पंडिता रमाबाईंचं मुक्ती मिशन तिथे आहे.

संस्थेचा इतिहास अनेकांना ठाऊक असतो. 11 मार्च 1889 रोजी मुंबईत रमाबाईंचं विधवांसाठीचं शारदा सदन सुरू झालं आणि पुढच्याच वर्षी ते पुण्याला आलं. 1893 मध्ये तिथल्या मुलींच्या धर्मांतराचा वाद पेटला, तेव्हा रानडे, भांडारकर सदनाच्या सल्लागार मंडळातून बाहेर पडले. 1896-97 च्या दुष्काळात रमाबाई मध्य प्रांतात गेल्या आणि तिथून शेकडो मुली-बायका घेऊन आल्या. पुण्यात प्लेग होता, त्यामुळे हा सगळा संसार केडगावच्या शेतावर हलला. 1898 मध्ये 'मुक्ती' उभी राहिली. गुजरातेतल्या दुष्काळानंतर तिथल्या माणसांची संख्या दोन हजारांच्या घरात गेली.

मला मात्र या सगळ्याच्या आधीचा एक प्रसंग सोडत नाही. रमाबाईंनीच तो लिहून ठेवला आहे. त्यांचे वडील अनंतशास्त्री डोंगरे विद्वान होते. पुराणं सांगत तीर्थाटन करणारं हे कुटुंब दक्षिणेतल्या दुष्काळात पार रिकामं झालं. शेवटचा दाणा संपल्यावर सगळे रानात गेले. अकरा दिवस पाणी, झाडपाला आणि मूठभर रानखजूर यांवर काढले. शेवटी वडिलांनी प्राण सोडायचं ठरवलं आणि एकेकाला जवळ घेऊन निरोपही घेतला. तेव्हा रमाबाईंचा भाऊ श्रीनिवास पुढे झाला. जातीचा अभिमान बाजूला ठेवून मजुरी करीन आणि तुम्हाला पोसीन, असं तो म्हणाला. वडिलांनी विचार सोडून दिला.

ते फार दिवस जगले नाहीत. 1874 मध्ये वडील गेले, त्यांच्यामागे आई, मग बहीण. तरीही त्या रानातला तो क्षण मला या विषयाचं मूळ वाटतो. श्रीनिवासने उपदेश केला नाही, पापपुण्य काढलं नाही. अडलेली गोष्ट एकच होती, उद्याचं अन्न, आणि तीच त्याने स्वतःच्या अंगावर घेतली.

सोळा वर्षांच्या ज्या मुलीने हे पाहिलं, तिनेच पुढे केडगाव उभारलं, हे तिथल्या व्यवस्थेत ठायी ठायी दिसतं. उपाशी, रोगट, अंगावर धड कपडा नसलेल्या मुली येत. त्यांना आधी अन्न, अंघोळ, औषध. मग हाताला काम: शेती, गोठा, माग, तेलघाणी, धुलाई, छापखाना. शारदा सदनात शिकून तयार झालेल्या मुलींनी या नव्या मुलींचा सांभाळ अंगावर घेतला. या सांभाळणाऱ्यांतल्या बऱ्याच स्वतः विधवा होत्या, घरातून टाकलेल्या होत्या. छापखान्यात मुली खिळे जुळवत. रमाबाईंनी केलेलं बायबलचं मराठी भाषांतर इथेच छापलं गेलं. काल ज्या मुलीला कुणी विचारत नव्हतं, तिच्या हातात आज अक्षरांचे खिळे होते, आणि चूक झाली तर ती तिलाच दुरुस्त करायची होती. मनाला उभं करण्याचा याहून चांगला उपाय मला माहीत नाही.

समाजकार्याची पुस्तकं या विषयाची सुरुवात बोस्टनपासून करतात. तिथल्या एका नाइटक्लबला 28 नोव्हेंबर 1942 रोजी आग लागली आणि 492 माणसं दगावली. वाचलेल्यांचा आणि मागे राहिलेल्यांचा शोक एरिक लिंडेमान यांनी अभ्यासला. जेराल्ड कॅप्लन यांनी त्यात भर घातली: संकटाचा ऐन जोर चार ते सहा आठवडे असतो, आणि त्या दिवसांत मिळालेली थोडी मदतसुद्धा पुढचं वळण ठरवते. केडगावला हे पंचेचाळीस वर्षं आधी चाललं होतं, फक्त त्याला नाव नव्हतं.

एक गोष्ट मला तिथली पटत नाही. मुक्तीत आधार आणि धर्म यांची फारकत नव्हती. कोलमडलेल्या माणसावर आपली श्रद्धा घालू नये, असं आजचं समाजकार्य मानतं, आणि ते बरोबर आहे.

आणि आज? खुटबावसारख्या गावात एखाद्या घरात कुणी जीव द्यायचा प्रयत्न केला, तर दारात गर्दी जमते, 'पोलीस केस होईल' म्हणून कुजबुज होते, कुणी 'बाहेरचं काहीतरी' म्हणतं. 2017 च्या मानसिक आरोग्य कायद्याने अशा माणसाला तीव्र ताणाखाली असल्याचं मानलं, त्याची काळजी घेणं सरकारवर सोपवलं. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत अशा प्रयत्नाला गुन्हा ठरवणारं जुनं 309 कलम उरलेलंही नाही. पण ती कुजबुज थांबलेली नाही. शेतकऱ्यांच्या घरी आशाताई पाठवणारा राज्याचा 'प्रेरणा प्रकल्प' 2015 मध्ये आला, तो विदर्भ-मराठवाड्यातल्या चौदा जिल्ह्यांसाठी. पुणे त्यात नव्हतं. जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाच्या पथकात मनोविकार सामाजिक कार्यकर्त्याची जागा असते. 2011 च्या जनगणनेत पुणे जिल्ह्याची लोकसंख्या 94 लाखांवर होती. एवढ्या माणसांना असं एक पथक कुठे पुरणार? लसीकरण, बाळंतपणं, सर्वेक्षणं हे सगळं सांभाळून आशाताईने मनाचंही बघायचं, ही अपेक्षा मला अन्यायाची वाटते.

वाट नाही असं नाही. पुण्याच्या आयएलएस विधी महाविद्यालयातल्या मानसिक आरोग्य कायदा व धोरण केंद्राने नाशिक जिल्ह्यात 'आत्मीयता' हा उपक्रम केला. गावातलीच विश्वासाची माणसं निवडायची, त्यांना ऐकायला शिकवायचं, गरज पडली तर पुढे दवाखान्यात पोचवायला लावायचं. शारदा सदनच्या मुलींनी केलं त्याच्याच जवळचं हे काम. ते दौंड-शिरूरच्या गावागावांत व्हायला हवं, आणि त्या माणसांना त्याचं मानधनही मिळायला हवं.

तोवर एक नंबर भिंतीवर लिहून ठेवा: 14416. ही 'टेली-मानस' सेवा 10 ऑक्टोबर 2022 पासून सुरू आहे, फुकट आहे, चोवीस तास आहे, मराठीत बोलता येतं. कुणी खचलेलं दिसलं, तर फोन लावून द्या, आणि बोलणं संपेपर्यंत त्या माणसाजवळ बसून राहा.