रिकाम्या पुंगळीचे मोल

‘घटनास्थळी रिकाम्या पुंगळ्या सापडल्या’ हे वाक्य वर्तमानपत्रात आपण नेहमी वाचतो. आपल्या लेखी पुंगळी म्हणजे पुरावा, नाहीतर भंगार. १८७०च्या दशकात अमेरिकेतील कॅन्सस-टेक्ससच्या माळरानांवर बायसनची शिकार करणाऱ्याला मात्र ती भांडवलासारखी होती.

काडतुसाचे भाग चार. पितळी पुंगळी, तिच्या बुडाशी ठिणगी पाडणारी टोपी, आत दारू आणि तोंडाशी शिशाची गोळी. बार उडाला की बाकीचे तीन खर्ची पडतात, पुंगळी उरते. आणि घडवायला सर्वांत अवघड तीच. कारखाने दूर पूर्वेला. त्यामुळे शिकारी तळावर शिसे वितळवून साच्यात ओतत आणि जपून ठेवलेल्या पुंगळ्या पुन्हा भरत. १८८४ मध्ये जॉन बार्लो यांनी न्यू हेवन येथे ‘आयडियल’ कंपनी काढली. तिचे या कामाचे हत्यार दिसायला थेट आपल्या अडकित्त्यासारखे होते.

पण पुंगळी पुन्हा भरणे किती सोपे, हे ठरे तिच्या बुडातल्या छिद्रावर. इंग्रज अधिकारी एडवर्ड बॉक्सर यांच्या रचनेत मधोमध एकच छिद्र असते. आतून सळई दाबली की जुनी टोपी बाहेर पडते. अमेरिकन हायरम बर्डन यांच्या रचनेत छिद्रे बाजूला असतात, मधला भाग भरीव; तिथे सळईचे काही चालत नाही. गंमत अशी, की पुढे अमेरिकेने इंग्रजाची रचना उचलली आणि युरोपात अमेरिकनाची रुजली.

अमेरिकी सैन्याच्या तेव्हाच्या तांब्याच्या काडतुसात तर टोपी आतच दडवलेली असे. ती एकदाच वापरायची. ही रचना स्टीफन व्हिन्सेंट बेने या अधिकाऱ्याच्या नावाने ओळखली जाते. त्याच नावाचा त्यांचा नातू पुढे कवी म्हणून गाजला. सरकारी पुरवठा पाठीशी असलेल्या सैनिकाला हे परवडत होते, शिकाऱ्याला नव्हते.

काटकसर हा सद्गुण, असे आपण लहानपणापासून ऐकत आलो. इथे तो कोणाच्या कामी आला? बायसनच्या संहाराची मोठी कारणे रेल्वे आणि कातड्यांचा बाजार ही होतीच. पण दूरच्या माळावर बंदूक चालती ठेवली ती या काटकसरीनेही. एकेकाळी कोट्यवधी असलेले हे जनावर १८८९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या विल्यम हॉर्नडे यांच्या अहवालात जेमतेम हजारावर आले होते. पुंगळी पुन्हा भरता आली, माळरान नाही.