टॉबीचे ताट

राजगृहातील फेब्रुवारी १९३४ चे ते छायाचित्र आपल्यापैकी अनेकांच्या घरी आहे. यशवंतराव, बाबासाहेब, माता रमाई, लक्ष्मीबाई, मुकुंदराव, आणि या सर्वांसमवेत बाबासाहेबांचा लाडका कुत्रा टॉबी. चार वर्षांपूर्वी इथे इंग्लंडमध्ये आमच्या घरी अल्सेशियनचे आठ आठवड्यांचे पिल्लू आले, तेव्हा नाव शोधावे लागले नाही. मुलांनी भिंतीवरच्या त्या छायाचित्राकडे बोट दाखवले.

ही जात जर्मनीतील मेंढपाळांची. १८९९ पासून माक्स फॉन स्टेफानिट्स यांनी ती पद्धतशीरपणे घडवली. पहिल्या महायुद्धानंतर ब्रिटनमध्ये ‘जर्मन’ हा शब्दच नकोसा झाला आणि कुत्र्याचे नाव अल्सेशियन पडले; मूळ नाव अधिकृतपणे परत यायला १९७७ उजाडले. पूर्ण वाढलेला नर तीस ते चाळीस किलोंचा होतो. एवढा देह उभा करायचा तर भरपूर खाऊ घालावे, दूध पाजावे, वर कॅल्शियमची भुकटी द्यावी, अशी आमची समजूत होती. पशुवैद्य बाईंनी पहिल्याच भेटीत भुकटी बंद करायला लावली. लहान पिल्लाच्या आतड्याला जास्तीचे कॅल्शियम अडवता येत नाही. ते शरीरात शिरते, आणि मोठ्या जातीच्या पिल्लांची हाडे व सांधे त्यामुळे वेडेवाकडे वाढतात. झपाट्याने वाढणारे वजनही खुब्याला घातकच. मोठ्या जातीच्या पिल्लांसाठी बनवलेला, पाकिटावर ‘संपूर्ण आहार’ असे लिहिलेला खुराक घ्यावा; ‘पूरक’ लिहिलेल्या खुराकावर कुत्र्याला वाढवू नये, एवढे तेव्हा आम्ही शिकलो.

खरी परीक्षा टॉबी दोन वर्षांचा झाल्यावर आली. तो अधाशासारखा खाई, पुन्हा ताटलीपाशी येऊन उभा राही, आणि तरी वाळत जाई. तेहतीस किलोंचे वजन चोवीसवर आले. बरगड्या मोजता येऊ लागल्या. विष्ठा ढीगभर, फिकट आणि तेलकट. बागेत एका अनोळखी बाईंनी आम्हाला थांबवून विचारले, “याला तुम्ही जेवायला देता ना?” प्रश्न साधाच होता, पण परक्या देशात, तपकिरी कातडीच्या माणसाला तो साधा वाटत नाही. त्या आठवड्यात आम्ही टॉबीला काळोख पडल्यावरच बाहेर नेले. त्याची आता आम्हाला लाज वाटते.

उपाशीपोटी घेतलेल्या रक्ताच्या तपासणीत कारण सापडले. स्वादुपिंडातील पाचकरस तयार करणाऱ्या पेशी नष्ट झाल्या होत्या. अल्सेशियनमध्ये हा विकार इतर जातींपेक्षा अधिक आढळतो, आणि त्याची लक्षणे दिसेपर्यंत सुमारे नव्वद टक्के पेशी गेलेल्या असतात. अन्न पोटात पडते पण अंगी लागत नाही. भरल्या ताटापुढची ती उपासमार होती. उपाय सोपा, पण जन्मभराचा. प्रत्येक जेवणात पाचकरसाची भुकटी कालवायची, ब-१२ जीवनसत्त्व द्यायचे, तंतुमय पदार्थ कमी ठेवायचे. भुकटी डुकराच्या स्वादुपिंडापासून करतात. आमच्या मंडळातील एका शाकाहारी स्नेह्यांना हे रुचले नाही. आम्ही त्यांच्याशी वाद घातला नाही आणि भुकटीही थांबवली नाही.

आता अन्न तोलून द्यावे लागे. पस्तीस किलोंच्या, नसबंदी झालेल्या प्रौढ कुत्र्याला दिवसाला साधारण सोळाशे कॅलरी पुरतात, म्हणजे नेहमीच्या कोरड्या खुराकाचे सव्वाचारशे ते साडेचारशे ग्रॅम. वरचा खाऊ त्याच्या एक दशांशाहून अधिक नको. त्यात जेमतेम दीड पोळी बसते. कमी देण्याचे भय आम्हा सर्वांनाच असते. पण अठ्ठेचाळीस लॅब्राडोरांवर जन्मभर चाललेल्या एका अभ्यासात, जोडीदारापेक्षा पाव हिस्सा कमी खाल्लेले कुत्रे जवळजवळ दोन वर्षे जास्त जगले.

पहिल्यांदा काटा मांडला, तेव्हा नागपूरहून आलेल्या आजी बराच वेळ बघत राहिल्या. मग म्हणाल्या, “शिळ्यापाक्यावर वाढलेली माणसं आपण, अन् तुम्ही कुत्र्याचं जेवण तराजूत तोलता का रे?” त्यांच्या सासूबाई दारोदार भाकर मागायला जात. टोपलीतले तुकडे घरी यायचे, उरलेसुरले दारच्या कुत्र्याला. मार्च १९२७ मध्ये महाडच्या परिषदेत बाबासाहेबांनी मेलेल्या ढोराचे मांस आणि शिळेउष्टे सोडा असे सांगितले; ते त्या वस्तीत पोचायला आणि पाळले जायला पुढे किती वर्षे लागली, हे आजींना ठाऊक आहे. आम्ही गप्प राहिलो. कुत्र्याला उरलेलेच घालायचे असते, ही रीतही त्याच टोपलीतून आली आहे, हे आम्हाला तेव्हाच उमगले.

आपल्या उरलेल्या अन्नात त्याच्यासाठी विषही असते. कांदा-लसूण त्याच्या रक्तपेशी फोडतो, म्हणजे आपला रस्सा बाद. शिजवलेल्या हाडांच्या फोडी आतडे चिरतात. बिनसाखरेच्या मिठाईतील झायलिटॉल आणि चॉकलेट ही तर उघड विषेच. मनुकांनी मूत्रपिंडे निकामी होऊ शकतात, आणि किती मनुका बाधतील हे आधी सांगता येत नाही. गेल्या वर्षी जयंतीला एका काकांनी प्रेमाने मनुका घातलेला लाडू टॉबीला भरवला. रात्री साडेअकराला आम्ही आपत्कालीन दवाखान्यात होतो. तिथे इंजेक्शन देऊन त्याला ओकायला लावले. हे घरी करू पाहू नये.

परतताना आम्हाला कुक्कुर जातक आठवले. राजाच्या रथाचे चामडे रात्री कुत्र्यांनी खाल्ले. राजवाड्यातील जातिवंत कुत्रे सोडून नगरातील सगळे कुत्रे मारा, असा हुकूम सुटला. तेव्हा स्मशानात राहणारा कुत्रा, म्हणजे बोधिसत्त्व, राजापुढे आला. त्याने राजवाड्यातील कुत्र्यांना ताक आणि दर्भ खायला देवविले, आणि ओकारीतून चामड्याचे तुकडे बाहेर पडले. अपराध आतल्यांचा, शिक्षा मात्र गावाबाहेरच्यांना! कथेच्या शेवटी राजा सर्व कुत्र्यांना आपल्याच अन्नासारखे अन्न नेमून देतो. आजींना ही कथा सांगितली, तेव्हा ताक आणि दर्भाशी त्या हसल्या.

टॉबी आता एकतीस किलोंचा आहे. सकाळी सात आणि संध्याकाळी सहा, अशी दोन जेवणे. एकाच वेळी भरपेट दिले तर खोल छातीच्या कुत्र्याचे पोट वायूने फुगून पिळा पडण्याची भीती वाढते. पोट टरारले, ओकाऱ्या येऊनही काही पडत नसले, कुत्रा तळमळत असला, तर सकाळची वाट पाहायची नसते. काही तासांत प्राण जातो. म्हणून जेवणाच्या आगेमागे धावपळ नाही.

काटा आजींच्या ताब्यात गेला आहे. ग्रॅमचे आकडे त्यांनी कॅलेंडरवर खडूने मोठे लिहून ठेवले आहेत. भुकटी कालवली की त्या ताटली खाली ठेवतात आणि तो संपवेपर्यंत शेजारी खुर्ची घेऊन बसतात. पाहुण्यांपैकी कोणी पोळीचा तुकडा पुढे केला, तर टॉबीच्या आधी आजींचाच हात मध्ये येतो.