जोडीचे जेवण

मुलांनो, दिवस मावळला की तुमच्या घरात कोणता वास दरवळतो? फोडणीत तडतडणाऱ्या मोहरीचा की शिजणाऱ्या भाताचा?

चिखला हे भंडारा जिल्ह्याच्या तुमसर तालुक्यातील एक गाव आहे. येथे जमिनीच्या पोटात मँगनीजची खाण आहे. खाणीत लोक पाळीने कामाला जातात. पाळी संपली की ते थकून घरी येतात. धानाच्या बांधीत दिवसभर वाकून काम करणारी माणसेही याच वेळी परत येतात. सगळे हातपाय धुतात आणि ताटावर बसतात. ताटात काय असते? रोज काही बिर्याणी आणि कबाब नसतात. बहुतेक दिवशी भात असतो, वरण असते आणि एखादी पालेभाजी असते. सोबत कांदा किंवा लिंबाची फोड असते. एवढ्याने पोट भरते, अंगात ऊब येते आणि झोपही शांत लागते.

या साध्या जेवणात असे काय आहे, ते आज आपण पाहू.

आधी काही शब्द समजून घ्या. तुम्ही घरी उर्दूत 'चावल' म्हणता. तो कच्चा असो की शिजलेला, शब्द एकच. मराठीत मात्र शेतात असते ते 'धान', पोत्यात असतो तो 'तांदूळ' आणि ताटात येतो तो 'भात'. तसेच डाळीचेही आहे. डब्यात असते तोवर ती 'डाळ'. शिजवून घोटली की तिचे 'वरण' होते. मराठी बोलताना हा फरक लक्षात ठेवा. नाहीतर "मी तांदूळ खाल्ला" असे म्हणाल आणि मित्र हसतील!

आता वर्गातील एक गोष्ट सांगतो. एकदा मी मुलांना विचारले, "काल रात्री कोण काय जेवले?" कोणी वरण-भात सांगितला, कोणी खिचडी, तर कोणी नुसता भात आणि मिरचीची चटणी. शेवटी एक मुलगी उभी राहिली. ती म्हणाली, "सर, आमच्या घरी लाखोळीची डाळ होती. पण शेजारचे चाचा म्हणतात, ही डाळ खाल्ली की माणूस लंगडा होतो. खरे आहे का?"

सारा वर्ग माझ्याकडे पाहू लागला. प्रश्न मोठा होता. 'हो' किंवा 'नाही' अशा एका शब्दात त्याचे उत्तर देता आले नसते. मी म्हणालो, "आधी आपण वरण-भाताची जोडी समजून घेऊ. मग तुझ्या प्रश्नाचे उत्तर मिळेल."

आपले शरीर वाढते आणि झिजलेला भाग भरून काढते, ते प्रथिनांच्या, म्हणजे प्रोटीनच्या बळावर. प्रथिने अनेक लहान घटकांची बनलेली असतात. घर बांधायला विटा, वाळू, सिमेंट सगळेच लागते ना? विटांचा ढीग असला आणि सिमेंट नसले तर भिंत उभी राहत नाही. प्रथिनांचेही तसेच आहे. तांदळात लायसीन नावाचा घटक कमी असतो. डाळीत तो भरपूर असतो. डाळीत मेथिओनिन नावाचा घटक कमी असतो. तो तांदळात पुरेसा असतो. म्हणजे एकाची उणीव दुसरा भरून काढतो. १०० ग्रॅम तांदळात सुमारे ७ ते ८ ग्रॅम प्रथिने असतात आणि तेवढ्याच तुरीच्या डाळीत सुमारे २२ ग्रॅम असतात. म्हणून नुसता भात आणि चटणी खाऊन पोट भरले, तरी शरीराचे काम अर्धेच होते.

आता पालेभाजी कशाला? तिच्यातून लोह मिळते. डोळ्यांना लागणारे जीवनसत्त्वही मिळते. लिंबू पिळले की भाजीतले आणि डाळीतले लोह शरीराला सहज घेता येते. जेवण झाल्याबरोबर चहा घेतला तर उलट होते, लोह कमी घेतले जाते. म्हणून चहा थोडा उशिरा घ्यावा.

ही जोडी आजची नाही. मोरोक्कोचा प्रवासी इब्न बतूता चौदाव्या शतकात भारतात आला होता. येथील लोक मूग आणि तांदूळ एकत्र शिजवून त्यावर तूप घालून खातात, असे त्याने लिहून ठेवले आहे. हीच आपली खिचडी. पुढे अकबर बादशहाच्या दरबारातील अबुल फज्ल याने 'आईने अकबरी' हा ग्रंथ लिहिला. त्यात शाही स्वयंपाकघराची माहिती आहे. पदार्थांचे तीन प्रकार सांगितले आहेत. त्यांतला पहिला प्रकार मांस नसलेल्या पदार्थांचा. त्याचे नाव 'सूफियाना'. त्या यादीत खिचडी आहे. तिचे प्रमाण असे : तांदूळ पाच शेर, डाळ पाच शेर आणि तूपही पाच शेर! एवढे तूप आपल्याला परवडणार नाही आणि पचणारही नाही. पण तांदळाशी डाळीची जोडी बादशहाच्या घरी होती तीच आपल्याही घरी आहे.

आता त्या मुलीच्या प्रश्नाकडे वळू.

लाखोळीला कोणी लाख म्हणतात, कोणी लाखोरी म्हणतात. उत्तर भारतात तिला खेसारी आणि छत्तीसगडात तिवरा म्हणतात. भंडारा, गोंदिया या धानाच्या जिल्ह्यांत हे जुने पीक आहे. धान कापणीला येण्याआधी, उभ्या पिकातच शेतकरी लाखोळीचे बी फेकतात. नांगरणी लागत नाही. वेगळे पाणीही द्यावे लागत नाही. बांधीत उरलेल्या ओलाव्यावर ती वाढते. पाऊस कमी पडला तरी ती तग धरते. तिच्या कोवळ्या पानांची भाजी होते. दाण्यांत प्रथिने तुरीपेक्षाही जास्त असतात. गरिबाला याहून चांगले पीक कोणते?

पण या गुणी पिकात एक दोष आहे. तिच्या दाण्यात मज्जातंतूंना अपाय करणारे एक द्रव्य असते. १९६४ साली भारतीय शास्त्रज्ञांनी ते शोधून काढले. कोणी ही डाळ मोठ्या प्रमाणात, दोन-तीन महिने रोज खाल्ली आणि सोबत दुसरे फारसे काहीच खाल्ले नाही, तर त्याचे पाय ताठ होऊ लागतात. पुढे त्याला काठीशिवाय चालता येत नाही. या रोगाला 'लॅथिरिझम' म्हणतात. तो एकदा झाला की बरा होत नाही.

असे कधी घडते? दुष्काळात घडते. १८३० च्या सुमारास मध्य भारतात सागरच्या आसपास गव्हाची पिके बुडाली. शेतात लाख तेवढी उरली. लोकांनी तीच खाल्ली आणि अनेक तरुण माणसे पायांनी अधू झाली. विल्यम स्लीमन या इंग्रज अधिकाऱ्याने १८४४ साली आपल्या पुस्तकात हे नोंदवले. दूर स्पेन देशातही असेच झाले होते. १८११-१२ मध्ये युद्धामुळे माद्रिद शहरात अन्न मिळेना, तेव्हा लोक लाखेच्या पिठाची लापशी खाऊन जगले. प्रसिद्ध चित्रकार गोया याने त्याचे चित्र काढले आहे. काही माणसे लापशी घ्यायला जमली आहेत आणि पुढे एक स्त्री जमिनीवर पडून आहे. तिला उठता येत नाही.

दुष्काळ नसतानाही हे घडले आहे. मध्य प्रदेशातील रीवा, सतना या भागांत विसाव्या शतकातही जमीनदार शेतमजुरांना मजुरी म्हणून लाखच देत असत. मजूर तिच्याच भाकरी करून खात. जमीनदाराच्या घरीही लाख असे, पण सोबत गहू, तांदूळ, दूध, भाजी असे. त्यामुळे अधू होणारा बहुधा मजूरच असे. मुलांनो, ही गोष्ट नीट लक्षात घ्या. विषारी द्रव्य दाण्यात होते हे खरे. पण दुसरे काही खायला न मिळाल्यामुळे त्या द्रव्याने माणसांचे पाय नेले.

या रोगामुळे १९६१ पासून देशातील अनेक राज्यांत लाखेच्या विक्रीवर बंदी आली. महाराष्ट्र शासनाने २००८ साली ती बंदी उठवली. दरम्यान शास्त्रज्ञांनी हे द्रव्य फार कमी असलेले रतन, प्रतीक, महातिवडा असे वाण तयार केले.

मग घरी लाखोळीची डाळ असेल तर काय करावे? हे अपायकारक द्रव्य पाण्यात विरघळते. म्हणून डाळ गरम पाण्यात काही तास भिजवावी आणि ते पाणी फेकून द्यावे. डाळ पुन्हा धुवावी. मग भरपूर पाण्यात शिजवून वरचे पाणीही ओतून टाकावे. याने ते द्रव्य बरेच कमी होते, पण पूर्ण जात नाही. म्हणून ही डाळ रोज खाऊ नये. कधीतरी, भात-भाजीसोबत खावी. तिच्या पिठाच्या भाकरी तर करूच नयेत. तुरीच्या डाळीत आणि बेसनात कधी कधी लाखेची भेसळ करतात. त्यामुळे डाळ ओळखीच्या दुकानातून घ्यावी आणि निवडूनच शिजवावी.

आता आपण रात्रीच्या जेवणाचे तीन प्रकार शिकू. मुलींनो आणि मुलांनो, दोघांनीही हे शिकायचे आहे. चूल किंवा शेगडी पेटवताना मात्र घरातील मोठे माणूस जवळ असू द्या.

पहिला प्रकार डाळभाजी आणि भात. हा आपल्या विदर्भाचा आवडता पदार्थ आहे. पाच माणसांसाठी एक वाटी तुरीची डाळ आणि मूठभर शेंगदाणे घ्या. ते धुऊन अर्धा तास भिजत ठेवा. मग हळद घालून मऊ शिजवा. पालकाची एक जुडी आधी धुवा आणि मग चिरा. चिरल्यानंतर धुतली तर तिच्यातील सत्त्व पाण्याबरोबर वाहून जाते. आंबट चुका मिळाला तर तोही घ्या. नाहीतर एक टोमॅटो चालेल. आपल्या भागात जुनी माणसे टोमॅटोला 'भेदरे' म्हणतात आणि कोथिंबिरीला 'सांबार' म्हणतात. भाजी डाळीत घालून दहा मिनिटे शिजवा, थोडी घोटा आणि मीठ घाला. कढल्यात तेल तापवून मोहरी, जिरे, ठेचलेला लसूण आणि सुक्या मिरच्या टाका. लसूण लाल झाला की ही फोडणी डाळभाजीवर ओता. चर्र असा आवाज येईल आणि घरातील सगळे आपोआप स्वयंपाकघराकडे वळतील!

दुसरा प्रकार खिचडी. दोन वाट्या तांदूळ आणि एक वाटी मुगाची डाळ घ्या. तांदूळ फार चोळून धुऊ नका, दोन पाणी पुरेत. तेलात जिरे, कांदा आणि हळद परता. त्यात तांदूळ-डाळ घाला. नऊ वाट्या गरम पाणी आणि मीठ घालून मंद आचेवर मऊ शिजवा. गाजर, मटार, मेथी, जे घरात असेल ते घाला. आजारी माणसाला, लहान मुलाला आणि दात नसलेल्या म्हाताऱ्या माणसालाही ही खिचडी चालते.

तिसरा प्रकार ज्वारीची भाकरी आणि पिठले. यातही जोडी आहे. ज्वारी हे धान्य आणि बेसन म्हणजे हरभऱ्याच्या डाळीचे पीठ. एक वाटी बेसन तीन ते साडेतीन वाट्या पाण्यात कालवा. गुठळी राहू देऊ नका. कांदा, लसूण आणि हिरवी मिरची फोडणीत परतून त्यावर हे पीठ ओता. घट्ट होईपर्यंत ढवळत राहा. मग झाकण ठेवून पाच मिनिटे वाफ येऊ द्या. घरात भाजी नसेल त्या दिवशी हा पदार्थ हमखास उपयोगी पडतो.

तिन्ही प्रकारांत तुम्हाला एकच गोष्ट दिसेल. धान्य एकटे नाही, डाळ एकटी नाही. आज घरी जेवायला बसाल तेव्हा ताटाकडे एकदा नीट पाहा. धान्य आहे का? डाळ आहे का? हिरवे काही आहे का? एखादी वस्तू नसेल तर उद्या ती कशी आणता येईल, हे घरात विचारा. परसात दोन हात जागा असेल तर मेथी आणि पालक सहज उगवतात.

त्या मुलीने हे सगळे लक्ष देऊन ऐकले. दुसऱ्या दिवशी ती शाळेत आली आणि म्हणाली, "सर, मी दादीला विचारले. दादी नेहमीच पहिले पाणी फेकून देते. तिच्या अम्मीने तिला तसेच शिकवले होते. पण का फेकायचे, ते तिला कोणी सांगितले नव्हते."

"मग तू सांगितलेस का?" मी विचारले.

"हो," ती म्हणाली. "दादीला आणि शेजारच्या चाचांनाही."