सहावा मणी

बायोकेमिस्ट्रीचा पेपर सोमवारी आणि शनिवारी रात्रीपर्यंत माझं पुस्तक कोरं करकरीत! मी कॉन्व्हेंटवाली, त्यामुळे मराठी लिहिताना गडबड होते, सांभाळून घ्या. पण त्या रात्री जे कळलं ते मराठीतच कळलं, म्हणून मराठीतच लिहितेय.

मला वाटायचं, अमिनो आम्लं म्हणजे वीस नावांची घोकंपट्टी. माझी नंदुरबारची रूममेट म्हणाली, "अगं, नावं सोड, आधी माळ समजून घे." फंडा असा. प्रत्येक अमिनो आम्लात एक अमिनो गट असतो आणि एक कार्बॉक्सिल गट. एकाचा अमिनो दुसऱ्याच्या कार्बॉक्सिलला जुळला की पाण्याचा एक रेणू बाहेर पडतो आणि पेप्टाइड बंध तयार होतो. असे मणी ओवत गेलं की माळ, आणि माळ ठरावीक आकारात दुमडली की प्रथिन. मेसमधलं अंडं उकडल्यावर घट्ट होतं ना, तेव्हा उष्णतेने या घड्या विस्कटतात. माळ तुटत नाही.

मणी कुठल्या क्रमाने ओवायचे हे डीएनए सांगतो. त्याची अक्षरं चारच : ए, टी, जी, सी. तीन अक्षरांचा एक शब्द, म्हणजे ४ × ४ × ४ = ६४ शब्द. त्यातले ६१ आम्लांसाठी आणि ३ 'थांबा' म्हणायला. ही भाषा उलगडणाऱ्यांत आपले हर गोविंद खुराना होते. १९६८ चं नोबेल त्यांना निरेनबर्ग आणि हॉली यांच्यासोबत मिळालं. डीएनएची आधी आरएनएमध्ये झेरॉक्स निघते (टी च्या जागी यू), आणि रायबोसोम ती वाचून माळ ओवतो.

इथपर्यंत सगळं मार्कांपुरतं. मग मी सहज म्हटलं, "एवढ्या अक्षरांत एखादं चुकलं तर काय बिघडतंय?"

ती जरा वेळ गप्प बसली. मग म्हणाली, "माझ्या भावाला विचार."

हिमोग्लोबिनच्या बीटा साखळीत १४६ मणी असतात. सहावा मणी ग्लुटामिक आम्ल, शब्द जीएजी. ए च्या जागी टी आला, जीटीजी झालं, की तिथे व्हॅलिन बसतं. ग्लुटामिक पाण्यात रमणारं, व्हॅलिन पाणी टाळणारं. मग ऑक्सिजन सोडला की हिमोग्लोबिनचे रेणू एकमेकांना चिकटतात, गोल लाल पेशी विळ्यासारखी वाकते आणि बारीक रक्तवाहिन्यांत अडकते. अंग असह्य दुखतं. हाच सिकल सेल. फरक फक्त या एका आम्लाचा आहे, हे १९५७ मध्ये व्हर्नन इनग्रॅम यांनी दाखवलं.

तिचा भाऊ थंडीत, किंवा पाणी कमी प्यायला तरी, दुखण्याने तळमळतो. ती स्वतः वाहक आहे. वाहकाला सहसा काहीच त्रास नसतो, म्हणून तर पत्ता लागत नाही. आई-वडील दोघं वाहक असले की प्रत्येक मुलाला हा आजार होण्याची शक्यता २५ टक्के. नंदुरबारकडे, गडचिरोलीत, विदर्भात इतरत्रही तो आहे. आपल्या होस्टेलमध्ये तिकडचे कितीतरी जण आहेत. रक्ताच्या तपासणीत कळतं. करून घ्या, लाजण्यासारखं त्यात काही नाही.

पेपरात नेमका हाच प्रश्न आला. मी न घोकता दीड पान लिहिलं. पण शेवटी जीटीजी लिहिताना पेन जरा थांबलं. तिच्या घरी ती तीन अक्षरं मार्कांसाठी नाहीत.