बदलीचे घर, पेट्यांचा संसार

'विंचवाचे बिऱ्हाड पाठीवर' ही म्हण मराठीत बहुधा गमतीने वापरली जाते. सैनिकाच्या घरात मात्र दर दोन-तीन वर्षांनी तिचा प्रत्यय येतो. बदलीचा आदेश हाती पडतो, मुलांच्या शाळेचे दाखले काढले जातात, भिंतीवरची घड्याळे उतरतात आणि पलंगाखालच्या काळ्या ट्रंका पुन्हा बाहेर ओढल्या जातात. ट्रंकेच्या झाकणावर पांढऱ्या रंगात लिहिलेले नाव आणि पलटण तशीच राहते. गावाचे नाव तेवढे खोडून नव्याने लिहावे लागते.

जागेची टंचाई शहरवासीयांना नवी नाही. मुंबई-पुण्यातील माणूस माळा काढतो, भिंतीत कपाटे बसवतो, दिवाणाखाली खण करतो. सैनिकी कुटुंबाची अडचण याहून वेगळी आहे. आजचे घर लहान आहे, एवढाच त्यांचा प्रश्न नाही. उद्याचे घर कसे असेल, हेच त्यांना ठाऊक नसते. देवळालीसारख्या जुन्या छावणीत उंच छताचे, ऐसपैस व्हरांड्याचे घर मिळू शकते आणि पुढच्याच बदलीत बहुमजली इमारतीतील दोन खोल्या वाट्याला येतात. कधी क्वार्टर मिळेपर्यंत काही महिने भाड्याच्या घरात काढावे लागतात. सैनिकांच्या कुटुंबांसाठी घरे बांधण्याचा विशेष प्रकल्प केंद्र सरकारने २००२ मध्ये हाती घेतला. त्यातून अनेक छावण्यांत नव्या इमारती उभ्या राहिल्या, तरी जुनी आणि नवी घरे आजही शेजारी शेजारी आहेत. अशा स्थितीत भिंतीच्या मापाने केलेली कोणतीही सोय पुढच्या घरी निरुपयोगी ठरते. म्हणूनच या संसाराचा पहिला नियम असा, की ज्यात वस्तू ठेवायची, त्यातूनच ती न्यायची.

परंपरा जुनी

ही कल्पना काही आजची नाही. एकोणिसाव्या शतकात ब्रिटिश अधिकारी मोहिमेवर नेत असत ती कपाटे दोन भागांत सुटणारी असत. कोपऱ्यांना पितळी पट्ट्या, कडा खोलीत बसवलेल्या आणि पाय फिरवून काढता येणारे, अशी त्यांची घडण होती. बैलगाडी असो वा उंट, सामान बाहेर काढण्याची गरज पडत नसे. रुरकीच्या लष्करी छावणीचे नाव मिळालेली 'रुरकी खुर्ची' तर एकही स्क्रू न वापरता जोडली जाई आणि सोडली की तिची गुंडाळी होई. डेन्मार्कचे रचनाकार कॉर क्लिंट यांनी १९३३ मध्ये तयार केलेली प्रसिद्ध 'सफारी' खुर्ची याच जातकुळीतील होय.

मराठी घरातही हा विचार होताच. माजघरातील उतरंड म्हणजे कमीत कमी जागेत धान्यधुन्य सांभाळण्याची युक्ती. एकात एक बसणारी पातेली आणि डब्यांचा संच हे तिचेच धाकटे भाऊ. बदलीच्या स्वयंपाकघरात भांडी निवडताना हाच निकष लावावा. जे भांडे दुसऱ्या भांड्यात मावत नाही, ते खरोखर लागते का, हे आधी तपासावे.

पेटी हेच फर्निचर

पलंग, टेबल, खुर्च्या असे मोठे सामान छावणीत बहुधा एमईएसकडून भाड्याने मिळते. त्यामुळे स्वतःचे लाकडी सामान जितके कमी, तितके बरे. त्याऐवजी एकाच मापाच्या ट्रंका घ्याव्यात. वेगवेगळ्या मापांच्या पेट्या एकमेकींवर नीट बसत नाहीत आणि ट्रकमध्ये मधली जागा वाया जाते. साधारण ३० सेंटिमीटर उंचीच्या तीन ट्रंका ओळीने मांडून त्यांवर १०-१२ सेंटिमीटर जाडीची गादी आणि सतरंजी घातली, की खुर्चीच्या उंचीची बैठक तयार होते. रोज न लागणारे सामान तिच्या पोटात राहते. त्याच पेट्या पुढच्या घरी पलंगाखाली जातात किंवा एकावर एक चढून पडद्याआड कपाटाचे काम करतात.

स्वतःचे फर्निचर घ्यायचेच असेल, तर नट-बोल्टवर सुटणारे घ्यावे. पार्टिकल बोर्डचे कपाट स्वस्त आणि देखणे असते. परंतु ते दोन-तीनदा सोडून जोडले, की स्क्रूची भोके सैल होतात आणि ओल लागली की फळी फुगते. लोखंडी सांगाडा किंवा चांगले प्लायवूड अधिक टिकते. सोडलेले नट-बोल्ट पिशवीत घालून त्याच वस्तूला बांधावेत. ते वेगळ्या डब्यात गेले, तर नव्या घरातील पहिले दोन दिवस शोधाशोधीत जातात.

ओझे एका माणसाचे

या सर्व व्यवस्थेची खरी परीक्षा होते, ती जवानाची नेमणूक 'फील्ड'ला झाल्यावर. तेथे कुटुंब नेता येत नाही. मग आहे तेच क्वार्टर ठराविक काळ ठेवायचे, कुटुंबांसाठी राखीव असलेल्या निवासात जायचे की गावी परतायचे, हे ठरवावे लागते. तोवर पती रुजू झालेला असतो आणि घर हलवण्याचे काम पत्नीवर येते. म्हणून प्रत्येक पेटी दोघांना उचलता येईल आणि गरज पडल्यास एकटीला सरकवता येईल, इतकीच भरावी. पुस्तके लहान खोक्यांत आणि रजया, गोधड्या मोठ्या ट्रंकेत ठेवाव्यात. प्रत्येक पेटीला क्रमांक द्यावा, आतील वस्तूंची यादी झाकणाच्या आतील बाजूस चिकटवावी आणि तीच यादी एका वहीत उतरवावी. कोणती वस्तू कुठे आहे हे एकट्या व्यक्तीच्या स्मरणावर अवलंबून असेल, तर ती व्यक्ती आजारी पडताच घर अडते.

हवा काढून टाकणाऱ्या प्लास्टिकच्या पिशव्यांनी रजयांचे आकारमान बरेच घटते. पण त्यांनी वजन घटत नाही, आणि सरकारी खर्चाने नेता येणाऱ्या सामानाला हुद्द्यानुसार मर्यादा असते. शिवाय वर्षानुवर्षे दाबून ठेवलेल्या लोकरीची व पिसांची ऊब कमी होते. प्रवासापुरता त्यांचा वापर करून नंतर कपडे मोकळे करावेत.

हवा-पाण्याची परीक्षा

राजस्थानातील धूळ, आसामातील दमटपणा आणि कोचीचा खारा वारा या तिन्हींना एकाच ट्रंकेला तोंड द्यावे लागते. पत्र्याच्या ट्रंकेला पोपडे दिसताच ते खरवडून रेड ऑक्साइडचा हात द्यावा आणि ती विटांवर किंवा लाकडी ठोकळ्यांवर ठेवावी. लोकरीचे कपडे पूर्ण वाळल्यावरच भरावेत. वेखंड वा कडुनिंबाची वाळलेली पाने जुनीच, पण उपयोगी. डांबरगोळ्या वापरल्यास कापडात बांधून, मुलांच्या हाती लागणार नाहीत अशा ठेवाव्यात. पैठणी प्लास्टिकमध्ये न ठेवता धुतलेल्या मऊ सुती कापडात गुंडाळावी आणि तिची घडी अधूनमधून बदलावी.

गावच्या घरी ठेवलेल्या ट्रंकांचा मात्र अनेकांना विसर पडतो. 'निवृत्तीनंतर लागेल' म्हणून ठेवलेले सामान वाळवी आणि उंदीर खातात, आणि म्हाताऱ्या आई-वडिलांच्या घरातील एक खोली कायमची अडते. प्रत्येक सुटीत तेथील एक तरी ट्रंक उघडून पाहावी.

ट्रकमध्ये न जाणारे

काही वस्तू ट्रकमध्ये कधीच देऊ नयेत. गॅस सिलिंडर आणि रेग्युलेटर एजन्सीकडे जमा करून त्याची पावती जपावी. नव्या गावी जोडणी तिच्यावर मिळते. शाळेचे दाखले, लसीकरणाची नोंद, औषधोपचाराची कागदपत्रे आणि पत्नीच्या स्वतःच्या पदव्या व अनुभवाची प्रमाणपत्रे हातातील बॅगेतच असावीत. शेवटची नोंद सर्वांत आधी राहून जाते. दर बदलीला नोकरी सोडावी लागलेल्या स्त्रीला पुन्हा उभे राहताना याच कागदांचा आधार असतो. २०१५ पासून सुरू झालेल्या डिजिलॉकरमध्ये अनेक दस्तऐवज ठेवता येतात; तरीही मूळ प्रती जवळ हव्यातच.

आणखी एक पेटी प्रत्येक मुलाची असावी, तिच्यात काय भरायचे हे मुलानेच ठरवलेली. वजन कमी करताना मोठी माणसे चिंध्यांची बाहुली, जुने कंपास, मित्रांनी दिलेली भेटकार्डे सहज टाकून देतात. चौथी शाळा बदलणाऱ्या मुलापाशी तेवढाच जुना ऐवज उरलेला असतो. ही पेटी ट्रकमध्ये सर्वांत शेवटी चढवावी, म्हणजे ती सर्वांत आधी उतरते. नव्या क्वार्टरमध्ये पहिल्या संध्याकाळी स्वयंपाकघर लागलेले नसले, पडदे नसले, तरी एका कोपऱ्यात ती उघडलेली असते. तेवढ्याने मुलाला झोप लागते, आणि उरलेल्या पेट्या उघडायला आईला हात मोकळे होतात.