विद्युत् यंत्रघटकांची निर्मिती, प्रारंभीची

विद्युत् यंत्रघटकांची निर्मिती, प्रारंभीची : यांत्रिक ऊर्जेचे विद्युत् ऊर्जेत रूपांतर करणारे जनित्र आणि याच्या उलट कार्य करणारे चलित्र म्हणजेच मोटर, या दोन्ही यंत्रांचे मुख्य घटक सारखेच असतात. चुंबकीय क्षेत्र निर्माण करणारे क्षेत्र-चुंबक, लोखंडी गाभा व त्यावरील तांब्याच्या गुंडाळ्या मिळून होणारे आर्मेचर, एकदिश प्रवाहाच्या यंत्रात लागणारा दिक्परिवर्तक म्हणजे कॉम्युटेटर, त्यावर टेकणारे ब्रश, निरोधक द्रव्ये आणि दंड, धारवे व सांगाडा हे ते घटक होत. विद्युत् चुंबकीय प्रवर्तनाचा शोध मायकेल फॅराडे यांनी १८३१ मध्ये लावला आणि पुढच्याच वर्षी पॅरिसमध्ये पीक्सी यांनी हाताने फिरवावयाचे जनित्र तयार केले. तथापि शहराला किंवा कारखान्याला वीज पुरवू शकेल असे यंत्र मिळण्यास आणखी चाळीस ते पन्नास वर्षे लागली. तत्त्व ठाऊक होते. योग्य लोखंड, टिकाऊ निरोधन आणि एकसारखे भाग घडविण्याची कला यांचा अभाव होता. हीच अडचण पुढे सह्याद्रीच्या पाण्यावर वीज निर्माण करू पाहणाऱ्या महाराष्ट्रासमोरही वेगळ्या रूपात उभी राहिली.

तार व गुंडाळी : फॅराडे यांनी आपल्या प्रसिद्ध लोखंडी कड्यावर उघडी तांब्याची तार गुंडाळली व तिचे वेढे एकमेकांस चिकटू नयेत म्हणून मध्ये सुतळी व सुती कापड घातले. आवरणयुक्त तार तेव्हा बाजारात मिळत नव्हती. अमेरिकेत जोसेफ हेन्री यांनी तारेवर रेशीम गुंडाळले. मोटरीचे एक आद्य निर्माते टॉमस डॅव्हनपोर्ट यांच्या पत्नीने यासाठी आपला विवाहप्रसंगीचा रेशमी पोशाख फाडून दिला, असे सांगतात. पुढे सुताचे दुहेरी वेष्टन रूढ झाले. सूत हवेतील दमटपणा शोषून घेते. म्हणून गुंडाळी भट्टीत वाळवून लाखेच्या व्हार्निशात बुडवीत व पुन्हा भाजीत. सुमारे १००° से. च्या वर दीर्घकाळ तापल्यास सूत करपते. त्यामुळे यंत्राची क्षमता तारेच्या जाडीइतकीच सुताच्या सहनशक्तीनेही ठरत असे. एनॅमल चढविलेली तार विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात प्रचारात आली व त्याच खाचेत अधिक तांबे बसू लागले.

झेनोब ग्राम यांच्या १८७१ मधील कंकणाकृती आर्मेचरमध्ये प्रत्येक वेढा कड्याच्या पोकळीतून हाताने ओवावा लागे आणि आतल्या बाजूच्या तारेत वीज जवळजवळ निर्माणच होत नसे. फोन हेफ्नर-आल्टेनेक यांनी १८७२ मध्ये पिंपाकृती गाभ्यावर बाहेरूनच गुंडाळी करण्याची रीत काढली. गुळगुळीत गाभ्यावरील तारा फिरताना बाहेर फेकल्या जाऊ नयेत म्हणून त्यांवर पोलादी तारेचे पट्टे आवळून डाख देत. गाभ्याच्या परिघावर खाचा पाडण्याची पद्धत आल्यावर ही चिंता कमी झाली. साच्यावर आधीच वळवलेली वेटोळी खाचांत बसविता येऊ लागली आणि वेटोळी तयार करणे हे एक स्वतंत्र काम झाले. हे काम बहुतांशी स्त्रियांकडे गेले. अमेरिकेतील वेस्टिंगहाउस कारखान्यात १९०४ मध्ये घेतलेल्या लघुचित्रपटांत वेटोळी वळणाऱ्या स्त्रियांचा विभाग पाहावयास मिळतो.

गाभा : अखंड लोखंडाचा गाभा चुंबकीय क्षेत्रात फिरू लागला की, खुद्द लोखंडातच भोवरा प्रवाह निर्माण होतात व गाभा तापतो. आरंभीची कित्येक यंत्रे या कारणाने सलग चालविता येत नसत. ग्राम यांनी गाभा लोखंडी तारेच्या जुडग्याचा केला. एडिसन यांनी पातळ लोखंडी चकत्या मध्ये कागद घालून दंडावर ओवल्या. न्यूयॉर्कच्या पर्ल स्ट्रीट वीजगृहात १८८२ मध्ये बसविलेल्या सुमारे २७ टन वजनाच्या ‘जंबो’ जनित्राचा गाभा असाच होता. भोवरा प्रवाहामुळे होणारा ऱ्हास पत्र्याच्या जाडीच्या वर्गाच्या प्रमाणात असतो. जाडी निम्मी केल्यास ऱ्हास चौथाईवर येतो. यावरून सुमारे ०.५ मिमी. जाडीचा पत्रा वापरण्याचा प्रघात पडला. पत्रे दाबयंत्रावर ठशाने कापीत. ठसा बोथट झाला की, कापलेल्या कडेला कंगोरा उभा राहतो, तो शेजारच्या पत्र्याला टेकतो व निरोधन व्यर्थ जाते. म्हणून ठसे घडविणारा कारागीर हा या कारखान्यातील सर्वांत मोलाचा माणूस असे. कापताना आलेला ताण घालविण्यासाठी पत्रे तापवून सावकाश निववीत.

लोखंडाची प्रत हा याहून अवघड प्रश्न होता. लोणारी कोळशावर गाळलेले, अत्यल्प कार्बन असलेले स्वीडिश लोखंड उत्तम मानले जाई. (महाबळेश्वरच्या परिसरात धावड लोकही जांभ्या खडकातील धातुक लोणारी कोळशानेच गाळीत, परंतु त्या लोखंडाचा उपयोग अवजारांपुरता राहिला आणि एकोणिसाव्या शतकात तो व्यवसाय बंद पडला.) चांगले लोखंडही काही महिने तापत राहिल्यावर ‘म्हातारे’ होई, म्हणजे त्यातील मंदायन-ऱ्हास वाढत जाई. हॅडफील्ड व त्यांचे सहकारी यांनी १९०० च्या सुमारास लोखंडात थोडे सिलिकॉन मिसळून हा दोष घालविला. सिलिकॉनामुळे लोखंडाचा विद्युत् रोधही बराच वाढतो.

दिक्परिवर्तक व ब्रश : सर्व घटकांत दिक्परिवर्तक हा सर्वांत नाजूक होय. पाचरीच्या आकाराच्या कठीण तांब्याच्या पट्ट्या वर्तुळात मांडून प्रत्येक दोन पट्ट्यांमध्ये अभ्रकाचे पान घालतात आणि दोन्ही बाजूंनी पोलादी कड्यांनी आवळतात. पट्ट्या व कडी यांमध्ये अभ्रकाचे तुकडे लाखेने चिकटवून केलेले शंकू असतात. जोडणी तापवून, पुन्हा आवळून, पुन्हा तापवून पक्की करावी लागते व त्यानंतरच ती लेथवर कातता येते. एखादी पट्टी केसभर वर आली तरी ब्रश उडतो व ठिणग्या पडतात.

अभ्रकाच्या निवडीतही एक मेख होती. तांबे झिजते त्याच वेगाने अभ्रक झिजले पाहिजे. एरवी ते कडेने वर राहते. भारतातील माणकासारख्या झाकेचे अभ्रक निरोधनात अव्वल, पण कठीण. म्हणून पट्ट्यांमध्ये घालण्यासाठी कॅनडातील मऊ, पिवळसर अभ्रकाला पसंती मिळे. अभ्रक तांब्याच्या पातळीखाली कोरून काढण्याची पद्धत रूढ झाल्यावर भारतीय अभ्रकाची ही उणीव उरली नाही.

प्रारंभीचे ब्रश तांब्याच्या तारांच्या जुडीचे असत व ‘ब्रश’ हे नाव त्यावरूनच पडले. ते दिक्परिवर्तकाला खरवडीत. जॉर्ज फोर्ब्झ यांनी १८८५ मध्ये कार्बनाचा ब्रश सुचविला आणि १८८८ मध्ये व्हान डेपूल यांनी तो ट्रामच्या मोटरींत यशस्वी करून दाखविला. ट्राम दोन्ही दिशांना धावते; तारेचा ब्रश उलट दिशेला टिकत नाही. कार्बनाचा रोध ठिणगी आवरतो व त्याचा गुळगुळीतपणा तांबे राखतो.

सांगाडा प्रथम बिडाचा व नंतर ओतीव पोलादाचा करीत. डोलिव्हो-डोब्रोव्होल्स्की यांच्या १८८९ मधील पिंजरा-घूर्णकाच्या मोटरीत दिक्परिवर्तक व ब्रश दोन्ही नाहीत. मात्र लहान मोटरीत घूर्णक व स्थिर भाग यांतील फट अर्ध्या मिमी. इतकीच ठेवावी लागते, त्यामुळे धारवे व कातकाम यांचा काटेकोरपणा वाढला.

भारत व महाराष्ट्र : या उद्योगात भारताचा पहिला वाटा कच्च्या मालाचा होता. कोडर्मा-हजारीबाग व नेल्लोर येथील अभ्रक आणि छोटा नागपूरची लाख परदेशी जाई व जनित्रांच्या पोटात बसून परत येई. अभ्रकाची पाने सुरीने सोलण्याचे काम स्त्रिया व मुले करीत. त्यातील मोबदला व तयार यंत्राची किंमत यांतील तफावत लक्षात घेण्याजोगी आहे.

मुंबईत विजेची ट्राम १९०७ मध्ये धावली. टाटांच्या योजनांतील खोपोली (१९१५), भिवपुरी (१९२२) व भिरा (१९२७) ही वीजगृहे सुरू झाल्यावर गिरण्यांतून मोटरी आल्या आणि १९२५ मध्ये व्हिक्टोरिया टर्मिनस ते कुर्ला विजेची आगगाडी सुरू झाली. पाणी व डोंगर येथील होते, यंत्रे परदेशी होती. भिऱ्यासाठी मुळशी खोऱ्यातील गावे बुडाली व त्याविरुद्ध १९२१ पासून सेनापती बापट यांच्या नेतृत्वाखाली सत्याग्रह झाला. मोटरी व त्यांचे भाग यांची निर्मिती मुंबईत क्रॉम्प्टन पार्किन्सन वर्क्स या कंपनीच्या १९३७ मधील स्थापनेनंतर मूळ धरू लागली. १९१० मध्ये वसलेल्या किर्लोस्करवाडीस नांगर व पंप यांच्या ओतकामाचा अनुभव होता. त्याच उद्योगसमूहाने १९४६ मध्ये बंगळूर येथे किर्लोस्कर इलेक्ट्रिक कंपनी स्थापन केली. सामान्यतः सांगाडा, दंड व गुंडाळी हे भाग प्रथम देशात होऊ लागले. सिलिकॉन पोलादाचा पत्रा मात्र दीर्घकाळ आयात करावा लागला.

भोर व वेल्हे : पुणे जिल्ह्याच्या या डोंगराळ तालुक्यांत पाऊस विपुल असला, तरी येथील मोठी धरणे मुख्यतः पूर्वेकडील शेती व पुणे शहराचा पाणीपुरवठा यांसाठी बांधली गेली. भोर तालुक्यात वेळवंडी नदीवर भाटघरचे दगडी धरण १९२८ मध्ये पूर्ण झाले. त्याच्या पायथ्याचे १६ मेवॉ. क्षमतेचे वीजगृह १९७७ मधील आहे. वेल्हे तालुक्यातील पानशेत धरण १२ जुलै १९६१ रोजी फुटले व नंतर पुन्हा बांधण्यात आले. तेथे तसेच मोसे नदीवरील वरसगाव येथे प्रत्येकी ८ मेवॉ. चे संच आहेत.

खोपोलीस पाणी सुमारे ५०० मी. खाली कोसळते, म्हणून तेथील यंत्रे वेगाने फिरतात. धरणाच्या पायथ्याशी मिळणारा उतार फार तर धरणाच्या उंचीइतका असतो व यंत्राचा वेग बेताचा राहतो. प्रत्यावर्ती प्रवाहाची वारंवारता दर सेकंदास ५० आवर्तने ठेवावयाची असल्याने, मिनिटास ३०० फेरे करणाऱ्या जनित्राला २० ध्रुव लागतात. ध्रुव वाढले की व्यास वाढतो, एका चकतीतून पूर्ण वर्तुळ कापता येत नाही आणि स्थिर भागाचा गाभा पत्र्याचे कमानदार तुकडे आळीपाळीने जोडून रचावा लागतो. अभ्रकाने वेढलेल्या तांब्याच्या पट्ट्या त्याच्या खाचांत बसवितात.

वीज खेड्यांपर्यंत पोहोचल्यावर विहिरी व नदीकाठ यांवर विजेचे पंप आले आणि भोरसारख्या तालुक्याच्या गावी मोटर रिवाइंडिंगची दुकाने उघडली. विजेचा दाब कमी झाला वा तीनपैकी एक फेज गेली की, मोटर अधिक प्रवाह ओढते व गुंडाळी जळते. दुकानात जळालेली तार कापून काढतात, वेढे मोजून तारेची जाडी मापतात, खाचांत निरोधक कागद घालतात, लाकडी साच्यावर वळवलेली वेटोळी एकेक करून हाताने खाचांत उतरवितात, बांबूच्या कामट्यांनी खाचा बंद करतात व शेवटी व्हार्निश पाजून मोटर भाजतात.